फेटे उतरवणारे बहिरूनाना

हातात माईक आला की बहिरूनाना खैरनार कोणालाही मोठं करत. ग्रामपंचायतीला आपटलेल्या माणसाला ते ‘जनतेच्या मनातले सरपंच’ म्हणून पुकारत आणि तो गडीही खुर्चीत ताठ होऊन बसे. उमेदीची वर्षं नानांनी मनमाड स्टेशनवर गाड्या पुकारण्यात घालवली. पुढे यंत्रंच बोलायला लागली. निवृत्तीनंतर नाशकात आल्यावर नानांनी लग्नातला माईक धरला तो आजवर सोडलेला नाही.

आमच्याकडचं लग्न नवरा-नवरीचं असतं हे फक्त पत्रिकेपुरतं. खरं लग्न सत्कारांचं. मुहूर्त टळून गेला, नवरी घामाने भिजली, भटजींचा घसा सुकला तरी चालेल, पण सोसायटीच्या माजी व्हाइस चेअरमनच्या मेहुण्याला शाल-श्रीफळ मिळालंच पाहिजे. नाही मिळालं तर तो न जेवता जातो आणि दहा वर्षं ते सांगत फिरतो. नाना या सगळ्यांना चढवून ठेवत आणि मनातल्या मनात हसत. घरी आल्यावर लंकाबाईंना, म्हणजे बायकोला, एकेकाची नक्कल करून दाखवत. त्या हसून म्हणत, “एक दिवस मार खाशाल.”

गेल्या वर्षापासून या मानकऱ्यांत एका नव्या पाहुण्याची भर पडली होती. स्वधर्म हुंकार दलाचे प्रमुख, आल्हाददादा. धंदा प्लॉटिंगचा, आवाज रणांगणाचा. दहा-पंधरा पोरं मागे घेऊन हे गंगापूर रोडच्या कोणत्याही लॉन्सवर आमंत्रण असो-नसो यायचे, फेटा बांधून घ्यायचे, सत्कार घ्यायचे आणि मंगलाष्टकांच्या आधी वऱ्हाडाला उजवा हात पुढे करून शपथ घ्यायला लावायचे. त्यांच्या हातचं घेणार नाही, त्यांच्याकडून करून घेणार नाही, त्यांना दारात उभं करणार नाही. ‘ते’ म्हणजे कोण, हे शपथेत कुठेच नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. आणि आमची माणसं एवढी पुचाट की कटकट नको म्हणून हात पुढे करत, मग त्याच हाताने गुलाबजाम खात.

या शपथेने पोटावर मारलं ते रौफमास्तरांना. मनमाडचा बँड त्यांचा, क्लॅरिनेट स्वतः मास्तर वाजवत. निम्म्या जिल्ह्याच्या बापांची आणि मग त्यांच्या लेकांची लग्नं याच माणसाने वाजवलेली. यंदा एकेक यजमान फोन करून लाजत लाजत नाही म्हणू लागला. स्नेहलचं लग्न तेवढं उरलं होतं. तिचे वडील महेशराव चार गावांत वजन असलेले द्राक्ष बागायतदार. त्यांच्या दारातून मास्तर परत गेले, तर बाकीचे बोलावणार नाहीत हे उघड होतं. मास्तरांनी नानांना तसं सांगितलंही होतं. हा मांडव गेला तर बँड मोडायचा, पोरांना दुसरं काम बघायला सांगायचं.

लग्नाच्या दिवशी नाना गेटवर पोहोचले तर बँड टेम्पोजवळ उभा. वाद्यं खोळीत. महेशरावांचा सकाळीच फोन आला होता की मारुतीपासून नवरदेवाला गेटपर्यंत आणा आणि तिथूनच परत जा, आत येऊ नका. मंगलाष्टकं झाल्यावर वाजवायला स्पीकरवर रेकॉर्ड लावू. नाना तसेच तडक महेशरावांकडे गेले.

महेशराव घाम पुसत म्हणाले की माझ्या मनात तसं काही नाही, मास्तरांनी माझंसुद्धा लग्न वाजवलंय, पण मुलीचं कार्य आहे, आल्हाददादा येणार आहेत, तमाशा नको. नानांना त्या सभ्यपणाची किळस आली. मारणारा निदान काठी घेऊन येतो, हा घाम पुसत येतो, असं त्यांना वाटलं. पण लेकीचा बाप होता. नाना स्टेजकडे वळले.

आल्हाददादा आले. गेटजवळ खुर्ची टाकून बसलेल्या दाढीवाल्या फेटेवाल्यासमोर त्यांनी आणि त्यांच्या पोरांनी रांगेने डोकी वाकवून भगवे फेटे बांधून घेतले. अख्ख्या वऱ्हाडाने ते पाहिलं. दादांनी तर तुरा नीट आला नाही म्हणून पुन्हा बांधून घेतला. मग स्टेजवर येऊन त्यांनी शपथेचा मोबाइल नानांपुढे धरला आणि आज तुमच्या भारदस्त आवाजात होऊ द्या असं फर्मावलं.

नाना आत कुठेतरी पेटले होते. बाहेर मात्र ते तुपात घोळल्यासारखे बोलू लागले.

“मंडळी, आज साधासुधा दिवस नाही. आज साक्षात धर्मभास्कर, हुंकारसम्राट, प्लॉटिंगक्षेत्रातले तळपते सूर्य आल्हाददादा आपल्याला शपथ देणार आहेत. पण शपथ म्हणजे काही पोरखेळ नाही. अंगावर त्यांच्या हातचं ठेवून त्यांच्या हातचं घेणार नाही म्हणायचं, हे दादांसारख्या कडव्या माणसाला चालेल का? नाही चालणार. म्हणून दलाच्या वीरांना माझी नम्र विनंती आहे. हे फेटे ज्यांनी बांधले ते गृहस्थ गेटवर बसलेत, आपण सगळ्यांनी पाहिलेत. कापड मालेगावच्या मागावरचं. तेव्हा वीरांनी आधी फेटे उतरवावेत.”

पोरं भाबडी. नाना चेष्टा करतायत हे त्यांच्या डोक्यातच शिरलं नाही. दोघा-तिघांनी खरोखर फेटे काढून स्टेजवर ठेवले, आणि त्यांचं बघून बाकीच्यांनीही. भर मांडवात दलाची सेना बोडकी उभी राहिली. आता फेटा एकट्या दादांच्या डोक्यावर होता आणि सगळा मांडव त्या फेट्याकडे बघत होता.

दादा दात आवळून म्हणाले, “नाना, विषय भरकटवू नका.”

नाना माईकवरूनच म्हणाले की दादांचा साधेपणा बघा, स्वतः पुढे येत नाहीत, पोरांना आधी मान देतात. टाळ्या नानांनीच सुरू केल्या. लोकांना टाळ्यांची सवय, वाजवल्या. दादांनी रागाने तुऱ्याला हात घातला. पण घाईने ओढलेला फेटा सरळ निघत नाही. त्याचा एक वेढा डोळ्यांवर आला, दुसरा नाकावर, आणि हुंकारसम्राट स्वतःभोवतीच गिरक्या घेऊ लागले. बायकांच्या बाजूने पहिली खिक्‌ आली. मग हसू असं पसरलं की पदर तोंडात कोंबूनही आवरेना. नवरीसुद्धा अंतरपाटामागे हसत होती.

नानांनी एवढ्यावर सोडलं नाही. “एक चूक माझीही होतेय. हा स्पीकर ज्यांचा आहे, तेही त्यांच्यातलेच. शपथ बाटायला नको. दादा उरलेली शपथ आपल्या स्वतःच्या गळ्यातून देतील.” आणि त्यांनी माईकसकट स्पीकर बंद केला.

रणांगणाचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जाईना. दादा ओरडत होते, मागची माणसं कानामागे हात नेऊन “काय म्हणतोय?” विचारत होती, पुढची हसत होती. स्पीकर लावा म्हणायची सोय दादांना राहिली नव्हती. मुहूर्त भरत आला तशी भटजींनी शपथेची वाट न बघता मंगलाष्टकं सुरू केली. आता शेवटच्या ‘सावधान’नंतर वाजायचं काय? रेकॉर्ड स्पीकरवर, स्पीकर बंद. वाद्याविना अक्षता पडल्या तर पाहुणे जन्मभर बोलणार. महेशराव उपरणं सावरत गेटकडे पळत सुटले, नवरदेवाला सोडून आलेला बँड तिथे अजून टेम्पोत वाद्यं भरत होता.

अक्षता पडल्या आणि रौफमास्तरांची क्लॅरिनेट मांडवात कडाडली. आल्हाददादांना त्याच वेळी कोणाचा तरी महत्त्वाचा फोन आला. पोरं बोडक्यानेच त्यांच्या मागे गेली.

पंगतीत दुसरा विषय नव्हता. महेशराव टेबलाटेबलाशी जाऊन गिरकी घेऊन दाखवत होते. सगळ्यांत मोठ्याने तेच हसत होते. लोक नानांच्या पाठीवर थापा मारत होते. नानाही फुशारले होते. ते गेटवर गेले, तर मास्तर क्लॅरिनेट पुसत बसले होते.

नाना म्हणाले, “काय मास्तर, कशी जिरवली?”

मास्तर हसले नाहीत. “अच्छी जिरवली. सब हसले. फक्त एक सांगा नाना. मला आत बोलावलं ते मी पाहिजे होतो म्हणून, की स्पीकर बंद होता म्हणून?”

नानांना उत्तर माहीत होतं. खोटं बोलायची त्यांची आयुष्यभराची सवय, पण या माणसापुढे जीभ वळेना.

“स्पीकर बंद व्हता म्हणून,” ते म्हणाले.

“तेच,” मास्तर म्हणाले आणि पुन्हा पुसायला लागले.

नानांना स्वतःचीच लाज वाटली. ज्याला हसायला सोपं त्याला ते हसले होते. त्यांनी मास्तरांचा हात धरला, नको नको म्हणत असतानाच त्यांना स्टेजवर आणलं आणि स्पीकर लावून माईक सुरू केला.

“मंडळी, एक सत्कार राहिलाय. ज्या महेशरावांनी सकाळी फोन करून रौफमास्तरांना गेटच्या आत येऊ नका असं कळवलं, त्यांनी स्वहस्ते मास्तरांना फेटा बांधावा. आणि यंदा ज्यांनी ज्यांनी मास्तरांना असा फोन केला, त्यांनीही स्टेजवर यावं.”

महेशरावांचा चेहरा उतरला. ते हळूहळू पायऱ्या चढले. मास्तर पुटपुटले, “नाना, बस करा.” नानांनी माईक खाली घेतला नाही. त्यांनी पुन्हा एकदा पुकारा केला. कोणी हसलं नाही. मास्तर समोरच्या एकेकाला ओळखत होते, कोणाचं लग्न कधी वाजवलं तेही त्यांना आठवत होतं. ते ज्यांच्याकडे बघत होते, ती माणसं खाली मान घालून वरण-भात कालवत होती.