बाहेर ठेवलेली भाकरी

लेक लातूरला क्लासला आहे. रविवारी डबा घेऊन तिच्या होस्टेलवर गेले. टेस्टचा निकाल लागल्यापासून तिची रूममेट जेवली नव्हती. मी पिठलं-भाकरीचा घास पुढे केला, तर ती भिंतीकडे बघत नुसती चावत राहिली. मला गंगाबाई आठवल्या.

त्र्याण्णवच्या भूकंपात गावातली दगडमातीची, माळवदाची घरं बसली. वेशीबाहेर आमच्या बौद्धवाड्यातली कुडाची घरं तेवढी राहिली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी भाकरी नेतात. पण तेव्हा शेजारीही गेलेले. म्हणून माय टोपलं घेऊन निघाली, मी तिच्यामागं.

गंगाबाई ढिगाऱ्यावर बसल्या होत्या. घरातली चारही माणसं गेलेली. एरवी त्या आम्हाला पाणी वरून ओतायच्या. मायनं घास त्यांच्या तोंडात घातला. त्या रडल्या नाहीत. चावत म्हणाल्या, "मीठ कमी हाय." माय मग रोज जायची.

पुढं नवं गाव वसलं. ज्याची जमीन जास्त त्याला घर मोठं. गंगाबाईंचं एका टोकाला, आमचं दुसऱ्या. तरी मायनं मला भाकरी देऊन पाठवलं.

"बाहेरच ठेव," पुण्याहून आलेला त्यांचा दीर म्हणाला. आत गंगाबाई भाकरीकडं बघत होत्या. त्यांचं तोंड चावल्यासारखं हलत होतं.

"खाल्ली का?" मायनं विचारलं.

"बाहेर ठेवायला लावली."

माय पीठ मळत राहिली. "मंग गाव सावरलं म्हणायचं."

मी नऊ वर्षांची होते. मला ती चांगली बातमी वाटली.