साक्याची बातमी

तेव्हा मी मिठबावच्या शाळेत मराठी शिकवायचो आणि फावल्या वेळात कोल्हापूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. एका दुपारी फळसंशोधन केंद्रातल्या बाई मला शोधत शाळेत आल्या. मूळच्या विदर्भातल्या, पण कित्येक हंगाम त्यांनी आमच्या हापूसमधल्या साक्यावर घालवले होते. बाहेरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापावा आणि आत पांढरा, आंबट, भुसभुशीत गर निघावा, हा साका. त्यापुढे आमच्या बागायतदारांनी हात टेकले होते.

कातळावरची तापलेली जमीन फळांना खालून भाजते. कलमाखाली सुक्या गवताचा जाड थर पसरला तर साका कमी होतो, असं बाईंना आढळलं होतं. त्यांचं प्रसिद्धिपत्रक मात्र एकाही वर्तमानपत्राने छापलं नव्हतं. मी वाचलं. प्रत्येक वाक्य ‘असे निदर्शनास आले आहे’ वर संपत होतं.

“बाई, यात आंबाच कुठे नाही,” मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उतरला. “मग काय लिहू? साका पळाला? तसं छापलंत तर मी जाहीरपणे नाकारीन. तो कमी होतो, जात नाही.”

ज्यांच्या बागेत त्यांनी गवत पसरलं होतं, त्या चाचांकडे मी गेलो. आंब्याचे जुने व्यापारी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्तरानू, लिवतास कित्या? आंबे कापून दाखवा. पेपरवाल्यांका डोळे आसत मां?”

झालं! रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीच्या वार्ताहरांना मी गळ घातली. रेडिओचा एक माणूसही टेप घेऊन आला, आणि बाजारातल्या फोटोग्राफरलाही मी बोलावून घेतलं. चाचांच्या घरापुढच्या खळ्यात दोन ढीग मांडले: खाली गवत पसरलेल्या कलमांचे आंबे आणि उघड्या कातळावरच्या कलमांचे. भोवती गावचे बागायतदार. कोणता आंबा कापायचा ते वार्ताहरांनीच निवडायचं, अशी अट बाईंनी स्वतः घातली.

कणकवलीच्या वार्ताहराने गवताच्या ढिगातला एक आंबा उचलला. बाईंनी सुरी फिरवली. आत साका! पांढराफटक.

खळ्यात हशा पिकला. बाईंनी मात्र ती फोड उंच धरली. “हेही लिहा. मी म्हटलं होतं, कमी होतो. आता पुढचा द्या.”

पुढचा केशरी. त्याच्या पुढचाही. मग दुसरा ढीग सुरू झाला आणि फोडीमागून फोड पांढरी निघू लागली. हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही. लोक पुढे सरकत होते, फोडी हातात घेऊन वास घेत होते. मघाशी सगळ्यात मोठ्याने हसलेला बागायतदार पुढे आला.

“बाईनू, पयलोच आंबो तुमी लपवलास आसतो, तर मी उठान गेलंय आसतंय. आता सांगा, गवात कधी घालूचा?”

बाई सांगू लागल्या, अगदी साध्या शब्दांत. रेडिओवाल्याने टेप सुरूच ठेवला होता.

मी रात्रीपर्यंत थांबलो नाही. संध्याकाळच्या एसटीने बातमी आणि फोटोचा रोल पाठवला. सुरुवात केली ती त्या साका निघालेल्या आंब्यापासून. दैनिकाने ती पहिल्या पानावर घेतली, बाईंच्या हातातल्या फोडीच्या फोटोसकट. पाठोपाठ इतरांनीही छापली. रेडिओवर बाईंचा आवाज लागला तेव्हा बाजारातल्या चहाच्या दुकानासमोर माणसं उभी राहून ऐकत होती.

पुढच्या हंगामाआधी सुक्या गवताने भरलेल्या बैलगाड्या पार दूरच्या खारेपाटणकडूनही येऊ लागल्या. बाई केंद्राच्या जीपमधून मला बागा दाखवायला घेऊन गेल्या. दर वळणावर कुणीतरी हात करून जीप थांबवायचा, आणि बाई खाली उतरून त्याच्या कलमाखालचा थर हाताने चाचपायच्या. “अजून जाड हवा,” त्या ओरडून सांगायच्या. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.