तेहतीस माणसं आणि दोन टोप्या

२६ मे १९९६, रविवार. सकाळपासून गरम वारा, हवेत धूळ. दुपारी हिद्दच्या धक्क्यावरून समुद्र दिसेना.

हवामान आधी लिहायची माझी जुनी सवय. त्या दिवसाबद्दल माझं तेवढंच बरोबर निघालं. बाकी जे काही मी समजून बसलो होतो ना, ते ऐकाल तर चहा नाकातून येईल. म्हणून आधी कप खाली ठेवा.

मी तेव्हा आखातात, हिद्दला, जहाजदुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होतो. अकरा वर्षं एकट्याने काढली होती, आणि आता कुठे बायकोचा, सुनंदाचा, फॅमिली व्हिसा व्हायची वेळ आली होती. त्यावर आमच्या दोन्ही अमेरिकन साहेबांच्या सह्या हव्या होत्या. मॅनेजर वॉल्टर साहेब आणि इंजिनियर हँक साहेब. कागद वॉल्टर साहेबांच्या टेबलावर पडून होता, आणि नेमकं त्याच महिन्यात दोघांचं बिनसलं!

मी स्टोअरच्या स्लिपा घेऊन केबिनमध्ये जायचो, तेव्हा कानावर तुकडे पडायचे. इंग्रजी माझं वाचून वाचून शिकलेलं. शब्द कळतात, मागचं-पुढचं आपण लावायचं.

"जागा तेहतीस!" हँक साहेब टेबलावर हात आपटत होते. "त्यातल्या पंचवीस त्यांनी आपल्याच माणसांना राखल्या. बाकी सगळ्यांना मिळून आठ! मग आम्ही बाहेर पडलो तर चुकलं कुठे?"

"बाहेर पडा, पण त्याच दिवशी आपलं वेगळं मांडायचं?" वॉल्टर साहेब लाल झाले होते. "आजोबांच्या वेळची परंपरा आहे ही!"

मी स्लिपा ठेवून गुपचूप बाहेर आलो. आता मला सांगा, आमच्या वर्कशॉपमध्ये साहेब सोडून माणसं किती? तेहतीस! यावर आणखी काय पुरावा पाहिजे?

कंपनी आजोबांच्या वेळची कशी असेल, तिच्या पाटीचा रंगही अजून उडाला नव्हता, हा विचार माझ्या मनात आला होता. पण साहेब बोलले म्हणजे असेल, म्हणून मीच तो घालवला.

आमच्या राजापूरकडे असं एकदा झालेलं मी लहानपणी पाहिलं होतं. शिमग्याच्या पालखीला खांदा कोणी द्यायचा यावरून भावकी फुटली. एका बाजूने सगळे मान स्वतःकडे ठेवले, दुसऱ्या बाजूने त्याच दिवशी दुसरी पालखी काढली. मला वाटलं, हे तेच! साहेब लोकांचीही भावकी असते तर.

संध्याकाळी खोलीवर मी ही बातमी दोघांनाच सांगितली. एक दाऊदभाई, दापोलीचे, आमचे फोरमन. दुसरा पांडू, साताऱ्याचा, कंपनीची बस चालवणारा.

"नाना, नीट ऐकलंस ना रे बाबा?" दाऊदभाई म्हणाले.

"ह्या कानांनी. आणि आणखी ऐका. हँक साहेब म्हणत होते, 'जुने अनुभवी ड्रायव्हर सगळे बाहेर, आणि नवशिके आणून बसवलेत स्टीअरिंगवर!'"

पांडूच्या हातातली चपाती तशीच राहिली. "ड्रायव्हर? आवं नाना, ड्रायव्हर तर म्या एकलाच हाय की!"

"तेच तर."

"म्हंजे म्या खलास?"

"इंशाल्ला नाही," दाऊदभाई म्हणाले, पण त्यांनीही ताट बाजूला सारलं.

मी काय केलं असेल? मी दोन्हीकडे वजन ठेवलं! भावकी फुटली की शहाणा माणूस दोन्ही घरी जाऊन येतो. आधी वॉल्टर साहेबांना म्हणालो, "सर, मी जुन्या परंपरेच्या बाजूने." साहेब खुर्चीतून उठले, माझा हात हातात घेतला आणि एक लाल टोपी मला दिली. जेवणाच्या सुट्टीनंतर हँक साहेबांना म्हणालो, "सर, बाहेर पडले त्यांच्या बाजूने मी." त्यांनी निळी टोपी दिली आणि पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा खाली आला.

टोप्या कशासाठी? मला वाटलं, कोण कुणाकडे ते ओळखू यावं म्हणून.

शुक्रवारी गावी फोन लावला. सुनंदाला म्हणालो, "सामान बांधू नकोस. इथे वाटणी होतेय."

"कुणाची?"

"साहेबांची. तू असं कर, गुरवाला सांगून देवळात गाऱ्हाणं घाल. दोन्ही बाजू एक होऊ देत, तेहतीस नारळ देईन म्हणावं."

"तेहतीस? पाच पुरे की."

"माणसामागे एक!" मी ओरडलो. इथे तेहतीस पोटांचा प्रश्न, आणि हिला नारळांची काटकसर सुचतेय!

शनिवारी वॉल्टर साहेब म्हणाले, "उद्या संध्याकाळी झल्लाकच्या हॉटेलात ये. आमची सगळी माणसं जमणार आहेत. काय तो निकाल लागेल." तासाभराने हँक साहेबही तेच म्हणाले.

रविवारी आम्ही तिघे इस्त्रीचे शर्ट घालून पांडूच्या बसने दुसऱ्या किनाऱ्यावरच्या झल्लाकला गेलो. लाल टोपी माझ्या उजव्या खिशात, निळी डाव्या. हॉलमध्ये वीसेक अमेरिकन, दोन मोठे टीव्ही, आणि मधल्या टेबलावर बर्फात ठेवलेली दुधाची बाटली. दूध का, हे कळेना. शपथ घ्यायला असेल, असं मी ठरवलं.

दोन्ही साहेब पुन्हा तेहतीस आणि पंचवीसवर आले. आवाज चढले. दाऊदभाईंनी मला कोपराने ढोसलं. "बोल नाना. यल्ला!"

मी उभा राहिलो. इंग्रजीत म्हणालो, "सर, वाटणी करू नका. पंचवीस आणि आठ असं नको. तेहतीसच्या तेहतीस एकत्र राहू देत. दोन्ही बाजूंनी नमतं घ्यावं."

आणि मग टाळ्या! एका म्हाताऱ्या अमेरिकनाने तर मला मिठी मारली. म्हणाला, "आमच्याकडे एवढं कुणाला कळत नाही हो!"

मला वाटलं, जिंकलो. गावच्या पंचांना जमलं नाही ते मी झल्लाकला करून दाखवलं.

तेवढ्यात पांडू हात जोडून पुढे झाला. "साहब, फिर मेरी बस मेरे पास रहेगी ना?"

"कसली बस?" हँक साहेब म्हणाले.

"हमारी. वर्कशॉप की."

दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. आठवड्यात पहिल्यांदाच. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. वॉल्टर साहेबांनी हळूच विचारलं, "तुला नक्की काय वाटलं?"

मी सांगायला लागलो आणि पाठीमागे टीव्हीतून गर्जना आली. वळून पाहतो तर मोटारी! तीन-तीनच्या ओळी. दाऊदभाई बोटाने मोजत होते. अकरा ओळी. म्हणजे तेहतीस.

"नाना," ते म्हणाले, "हे तर शर्यतीचं हाय रे."

साहेब लोकांचा मोटारींच्या शर्यतीवरून वाद होता! शर्यत तेहतीस मोटारींची, त्यातल्या पंचवीस जागा भरवणाऱ्यांनी आपल्या माणसांना राखल्या, म्हणून जुन्या ड्रायव्हरांनी त्याच दिवशी दुसरीकडे आपली वेगळी शर्यत मांडली होती. शौकीन माणसं 'आम्ही बाहेर पडलो' म्हणतात, आणि अमेरिकेतल्या ट्रॅकवर त्यांचा एक स्क्रूसुद्धा नसतो, हे मला कसं कळावं? घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर हातात निळी टोपी आली. ती घाईने कोंबून दुसऱ्या खिशात हात घातला, तर लाल.

"दोन्ही?" वॉल्टर साहेब म्हणाले.

"दोन्ही," हँक साहेब म्हणाले.

इतकं एकमत त्यांचं त्या महिन्यात दुसऱ्या कशावर झालं नव्हतं.

जिंकणारा तिकडे टीव्हीत, त्या शर्यतीच्या रिवाजाप्रमाणे, दूध प्याला. इकडची बाटली मला प्यायला लावली, सगळी, उभ्याने.

मंगळवारी व्हिसाच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. सुनंदा जुलैत आली. पांडूची बस पांडूकडेच आहे. अमेरिकेतल्या त्या शर्यतवाल्यांच्या दोन बाजू अजून एक झालेल्या नाहीत. गुरव दर पत्रात विचारतो. तेहतीस नारळ द्यायचे आहेत.