आकृती लागत नाही

चहाची बशी हातात आली की आधी तिच्या काठावरून बोट फिरवायचा, मग प्यायचा. रस्ता ओलांडताना माझा हात नाही, कोपर धरायचा. कुणी ‘साधारण’ म्हटलं की विचारायचा, “साधारण म्हणजे किती?” कुणी ‘सगळे’ म्हटलं की, “एकही सोडून नाही?” विनोदावर उशिरा हसायचा, तपासून घेतल्यासारखा. आणि जुनी वर्तमानपत्रं टाकू द्यायचा नाही.

अभिमन पाटील. एरंडोलजवळच्या खेड्यातला. लहानपणी देवी आल्या, त्यात डोळे गेले. अमळनेरला मोठ्या भावाकडे राहायचा. भाऊ हिलाल तेलगिरणीत कामाला. आंधळ्याने गणित घेऊन बी.ए. करू नये असं सगळ्यांनी सांगितलं. सगळ्यांनी नाही. हिलालभाऊंनी सांगितलं नव्हतं.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. मराठी घेऊन बी.ए. झालो होतो, नोकरी नव्हती. अभिमनला लेखनिक हवा होता. तो सांगणार, मी लिहिणार. लेखनिक त्या विषयाचा नसावा असा नियम.

“दहावीला गणितात किती होते रे?” त्याने विचारलं.

“पहिल्यांदा की दुसऱ्यांदा?”

“बस. तूच पाहिजेस, कविराज.”

आदल्या वर्षी लेखनिकाने आकृती चुकवली होती आणि भूमिती असलेला गणिताचा पेपर गेला होता. तेवढाच एक राहिला होता. जळगावच्या एका अंधशाळेत गणित शिकवायची जागा त्याच्यासाठी जूनपर्यंत थांबवली होती. पदवी असेल तर. नसेल तर तिथेच खुर्च्या विणायच्या. वेत त्याला लहानपणापासून येत होता. “हात चालतात माझे,” तो म्हणायचा, “तीच भीती आहे.”

आम्ही हिवाळाभर सराव केला. बिंदूपासून सुरुवात.

“बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही,” तो म्हणाला.

“मग दिसतो कसा?”

“दिसत नाही. तुम्ही काढता तो ठिपका. बिंदूच्या बाबतीत तू आणि मी सारखेच.”

‘किंवा’वर आमचं भांडण झालं. चहा किंवा दूध म्हणजे दोन्हींतलं एकच, असं मी म्हटलं. गणितात दोन्ही घेतले तरी चालतं, असं तो म्हणाला. “बरं शे,” आतून हिलालभाऊ ओरडले, “पन दूध एकच कप शे!”

आकृतीसाठी त्याची एक पद्धत होती. कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवायची. मी पेन दाबून रेघ ओढायची. कागद उलटला की रेघ उठलेली असायची. तो बोटांनी वाचायचा. उलट्या बाजूने, म्हणजे डावं ते उजवं. ते तो मनात फिरवून घ्यायचा. “इथे कोपरा सुटलाय,” म्हणायचा. सुटलेला असायचा.

एप्रिल १९८८. केंद्र धुळ्याला, देवपुरात. आम्हाला वेगळी खोली दिली होती. एक सुपरवायझर, एक पंखा, आम्ही दोघं. हिलालभाऊ बाहेर लिंबाखाली बसले. घडी परवानगीच्या पत्रात लिहिलेली होती. सुपरवायझरने ती उघडून पाहिली. छापलेल्या बातम्या होत्या. ठेव म्हणाला.

मी पहिला प्रश्न वाचला. त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एकाच बिंदूतून जातात हे सिद्ध करा.

अभिमनने हात पुढे केला. घडीवर तळवा ठेवला. बोटं फिरली आणि थांबली. पुन्हा फिरली. त्याचा चेहरा बदलला. मला वाटलं, उत्तर विसरला.

“सर,” तो म्हणाला, “हे घ्या.”

“का?”

“सरावाची घडी आहे. आमच्या आकृत्या ह्यावर उठल्यात. हीच आकृती आहे.”

सुपरवायझरने वाकून पाहिलं. त्याला काही दिसलं नाही. उजेडात तिरकी धरली तेव्हा दिसलं. तो उठला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग अभिमनकडे.

“हे कॉपीचं साहित्य आहे. कळतं का तुला?”

“कळतं. म्हणून दिलं.”

“दुसरी कोरी घडी मिळेल का?” मी विचारलं.

“लेखनिकाने बोलायचं नाही!”

त्याने पेपर पालथा ठेवायला लावला. वरिष्ठांना बोलावणं पाठवलं. आम्ही बसून राहिलो. अभिमनचे हात टेबलावर होते. अंगठा तर्जनीवर घासत होता, वेत वळवताना घासतात तसा. बाहेर हिलालभाऊ खोकले. घड्याळ माझ्या समोर होतं. त्याने विचारलं नाही, आणि मी बोलू शकत नव्हतो.

वरिष्ठ आले. त्यांनी घडी पाहिली, बोटाने चाचपली. “तू सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं असतं?”

“मला,” अभिमन म्हणाला.

घडी जप्त झाली. पेपर चालू ठेवायची परवानगी मिळाली. बाहेरचा कागद आणायचा नाही. गेलेला वेळ वाढवून मिळणार नाही.

मी पेन उचललं. आता मी काय काढलं ते त्याला कळणार नव्हतं. मला सांगता येणार नव्हतं. पट्टी घेतली.

“पट्टी ठेव,” तो म्हणाला. त्याने आवाज ऐकला होता. “आकृती नको. अक्षरं येतात ना तुला?”

मी टेबलावर एकदा टकटक केलं.

“मग लिही. त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू. प्रत्येकाला दोन संख्या.”

त्याने कोपऱ्यांना संख्यांची अक्षरं दिली. मग बाजूंचे मध्य काढले, बेरजेचे निम्मे. मग एका मध्यगेवर दोनास एक असा बिंदू घेतला. त्याच्या संख्या आल्या: तिन्ही शिरोबिंदूंच्या संख्यांची बेरीज, भागिले तीन. दुसऱ्या मध्यगेवर तेच केलं. तेच आलं. तिसरीवर तेच. मी लिहीत होतो आणि पहिल्यांदा मला दिसत होतं. रेघ एकही नव्हती. त्रिकोण कुठलाही असो, मोठा, वाकडा, तिन्ही मध्यगा तिथेच येणार. एकही सोडून नाही.

सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. “आकृती कुठाय?”

“सर, ह्यात आकृती लागत नाही.”

तो काही वेळ वाचत राहिला. मग दूर गेला.

पुढच्या प्रश्नांची उत्तरं अभिमन भरभर सांगत गेला. माझी बोटं आखडली. शेवटचा प्रश्न क्रमिकेचा होता. एक, एक भागिले दोन, एक भागिले तीन, असं पुढे जात राहिलं तर ते शून्याला जाऊन मिळतं, हे सिद्ध करायचं. शून्य तर त्यात कुठेच येत नाही. मी थबकलो. त्याला ते कळलं. तो गालात हसला आणि सांगू लागला. मधेच घंटा झाली. सुपरवायझरने पेनाखालून उत्तरपत्रिका ओढली.

लिंबाखाली हिलालभाऊ उभे राहिले. “काय व्हयनं?”

“शेवटचं अर्धं राहिलं.”

“आनि पहिलं?”

“ते झालं,” अभिमन म्हणाला. “डोळे न वापरता केलं. ह्यानेसुद्धा.”

पांझरेच्या पुलावर मी त्याला विचारलं, उरलेलं काय होतं? शून्य नसताना शून्याला मिळतं कसं? म्हणाला, सांगेन. आधी पास होऊ दे.

जूनमध्ये तो पास झाला. जळगावला रुजू झाला. मी एकदा शाळेत गेलो तेव्हा तो एका मुलीच्या तळहातावर बोटाने त्रिकोण काढत होता. मी पुन्हा विचारलं. “दिवाळीला येतो ना घरी,” म्हणाला. “नीट बसून सांगतो. उभ्याउभ्या सांगायची गोष्ट नाही ती.”

दिवाळीआधी त्याला कावीळ झाली, त्यातच तो गेला. हिलालभाऊ दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कळलं. मला अजून नीट काही सुचत नाही. गणिताचं पुस्तक आणून उरलेलं वाचता येईल. मी आणलेलं नाही. ते त्याने सांगायचं होतं.

घंटा होईपर्यंत त्याने सांगितलेलं मला पाठ आहे. कोणतीही धन संख्या घ्या, तुम्हाला हवी तितकी लहान. क्रमिकेत अशी एक जागा सापडते, की तिच्या पुढचं प्रत्येक पद