अवेळचं पाणी

कॉलनीत त्यांना सगळे चावीकाका म्हणत. ही चावी कुलपाची नव्हे. कमरेपर्यंत येणारी लोखंडी दांडी, वर धरायला आडवा दांडा आणि खालच्या टोकाला चौकोनी खोबण. जमिनीतल्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, ती खोबण व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि फिरवायची. एकतीस वर्षं चावीकाकांनी एवढंच केलं. ऐकायला हे काम सोपं वाटतं. पण सहा इमारती, एकच टाकी आणि पाणी नेहमीच कमी, अशा ठिकाणी एकतीस वर्षं सगळ्यांचं ऐकून घेत राहायचं म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच माहीत.

प्रत्येक इमारतीला सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास पाणी मिळे. एक नंबरचा व्हॉल्व्ह नऊ फेऱ्यांत उघडायचा, तीन नंबरचा अकरा. चार नंबरचा सगळ्यांत हट्टी, चौदा फेऱ्यांचा, आणि तोही सावकाश फिरवायचा. घाई केली की आतली हवा अडकायची आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पाइप हातोडा मारल्यासारखे वाजायचे. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. काकांच्या हातांना ठाऊक होतं.

काका राहायचे टाकीच्या पायथ्याशी, पंपाला लागून असलेल्या खोलीत. खोलीतला नळ चार नंबरच्या लाइनवर होता, म्हणजे चार नंबरला पाणी आलं की यांच्याकडे आलं. काकू म्हणायच्या, "साऱ्या गावाला पाणी पाजणारा नवरा मिळाला, आणि माझं पिंप बघा, कायम अर्धं!" काका हसायचे. स्वतःच्या नळासाठी पाच मिनिटं जास्तीची त्यांनी कधी ठेवली नाहीत, याचा काकूंना राग होता आणि अभिमानही होता. दोन्ही त्या एकाच वाक्यात सांगायच्या.

तर या माणसानं एक रिवाज पाडला होता. कमिटीला न विचारता, कुणाला न सांगता.

काका कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी दोन नंबरमधली एक सून भरदुपारी रिकामी बादली घेऊन खड्ड्यापाशी येऊन उभी राहिली. काकांनी विचारलं, "काय झालं बाई? पाणी तर संध्याकाळी येणार." तिनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "आमचे मामंजी वारले." ते शब्द ती पहिल्यांदाच उच्चारत होती. बोलली आणि तिथंच झाकणावर मटकन बसली. काकांनी दोन नंबरचा व्हॉल्व्ह उघडला आणि घरी येऊन काकूंना म्हणाले, "बादलीभर पाण्यासाठी मी त्या पोरीला ते बोलायला लावलं. पुन्हा नाही कुणाला लावणार."

तेव्हापासून कुठल्याही इमारतीत कुणी गेलं की काका त्या इमारतीचं पाणी सोडायचे, वेळ असो वा नसो. घरात माणसं जमतात, आंघोळी असतात, धुणं असतं, पाणी लागतंच. घरच्यांना विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. डॉक्टर खाली मान घालून जिना उतरताना दिसले, एखाद्या घराचं दार सताड उघडं राहिलं, कुणी अनवाणी धावत खाली आलं, की काका काय ते समजायचे आणि चावी उचलायचे. एकतीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

हळूहळू कॉलनीला त्याची सवय झाली. दुपारी नळ खाकरला, पाइपातून हवा फुसफुसली, की त्या इमारतीत बायका गॅस बंद करायच्या, टीव्हीचे आवाज बसायचे. शेजारच्या इमारतीतले लोक खिडकीतून काका कुठल्या खड्ड्यापाशी उभे आहेत ते बघायचे आणि चपला पायात घालून निघायचे. दारोदार निरोप द्यावा लागत नसे.

आणि मग चार नंबरच्या बाईंचं प्रकरण झालं.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, ब्याऐंशी वर्षांच्या. कॉलनीतली निम्मी मंडळी त्यांच्या हातचा मार खाऊन मोठी झालेली. अकरा दिवस त्या हॉस्पिटलमध्ये होत्या आणि लक्षण काही बरं नव्हतं. बाराव्या दिवशी दुपारी तीनच्या पुढे रुग्णवाहिका चार नंबरपाशी थांबली. स्ट्रेचर उतरलं. वर पांढरी चादर, डोक्यापर्यंत ओढलेली. मागोमाग बाईंचा मुलगा उतरला. पन्नाशीचा गडी, डोळे लालबुंद, दाढी वाढलेली. त्यानं इकडे पाहिलं नाही की तिकडे. स्ट्रेचर जिन्यानं वर गेलं.

बाईंनी काकांच्या लेकीला चार वर्षं फुकट गणित शिकवलं होतं. त्यांनी डोळे पुसले, चावी उचलली आणि चौदा फेरे दिले, सावकाश.

अर्ध्या तासात बाईंच्या दाराबाहेर चाळीस तरी चपलांचे जोड होते. मुलानं दार उघडलं तो हातात आईसाठी केलेला चहा घेऊन. समोर एक नंबरच्या मावशींनी त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. चहा सांडला. आणि आतून कॉटवरून बाईंचा आवाज आला, खणखणीत, "कोण गेलं रे? मीही ऐकलं पाणी!"

झालं होतं ते एवढंच. बाईंना बरं वाटलं म्हणून घरी सोडलं होतं. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून त्यांनीच चादर तोंडावर ओढून घेतली होती. मुलाचे डोळे अकरा रात्रींच्या जागरणानं लाल होते. दुसरा कुणी असता तर "कशा आहेत बाई?" एवढं विचारून मोकळा झाला असता. पण न विचारणं हाच तर काकांचा नियम. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

रविवारी कमिटीची मीटिंग बसली. बाईंचा मुलगा उठून बोलला, "माझ्या आईला यांनी जिवंतपणी मारलं! कुणी दिला यांना हा अधिकार? पाणी यांच्या बापाचं आहे?"

सेक्रेटरी म्हणजे अळीमिळी गुपचिळी माणूस. त्यांनी समोरच्या कागदावर नजर रोवली. काका उठले. "चुकलो," म्हणाले. "हात जोडून माफी मागतो. पण खरं सांगू का, चुकलो याचं मला बरंच वाटतंय."

आता यात वाईट काय होतं? बाई जिवंत होत्या, म्हणून बरं वाटत होतं. पण चिडलेल्या माणसाच्या कानात सरळ शब्दही वाकडे होऊन शिरतात. "बघा, बघा, वर उद्धटपणा!" असा गलका झाला. ठराव मंजूर झाला. यापुढे पाणी घड्याळावर चालणाऱ्या यंत्रानं सुटेल. जुने व्हॉल्व्ह अडीअडचणीसाठी शेजारी राहतील, पण चावी ऑफिसात, सेक्रेटरींच्या कपाटामागे, खिळ्याला. काकांना काढलं नाही. बागेला पाणी घालणं आणि टाकी धुणं त्यांच्याकडे ठेवलं. दगडापेक्षा वीट मऊ, असं लोक म्हणाले. लोकांचं काय जातं म्हणायला!

यंत्र चोख होतं. ठरल्या मिनिटाला सुरू आणि ठरल्या मिनिटाला बंद. काका पहाटेच उठून बसायचे, हात गुडघ्यावर ठेवून. यंत्राचा खट् आवाज आला की त्यांची बोटं आपोआप आवळली जायची. काकू बघायच्या आणि त्या बोटांत चहाचा कप द्यायच्या.

दोन महिन्यांनी पाच नंबरमधले शिंपी गेले, दुपारी एकला. त्यांची मुलगी बादली घेऊन खाली आली आणि सवयीनं खड्ड्यापाशी उभी राहिली. काका बागेत पाइप धरून उभे होते. जन्मात म्हणायचं नव्हतं ते त्यांना म्हणावं लागलं, "पोरी, चावी नाही माझ्याकडे." मग काकूंनी आपल्या पिंपातलं होतं नव्हतं ते पाणी तिला भरून दिलं.

बाई तोवर काठी टेकत हिंडूफिरू लागल्या होत्या. त्यांनी काकांना वर बोलावलं. "माझ्या घरी कोण कोण रडायला आलं आणि कोण आलं नाही, हे मला या डोळ्यांनी बघायला मिळालं," त्या म्हणाल्या. "एवढं भाग्य कुणाला लाभतं? आता एक सांग. खरोखरची जाईन तेव्हा सोडशील ना पाणी?"

"चावी नाही बाई माझ्याकडे."

मुलगा दारातच उभा होता. तो आत निघून गेला.

काकूंच्या छातीचं दुखणं जुनं होतं. एके दिवशी सकाळी त्यांनी चादरी, उशांचे अभ्रे, काकांचे दोन सदरे, सगळं धुऊन काढलं. पिंप तळाला गेलं. काका म्हणाले, "जरा जपून." त्या म्हणाल्या, "संध्याकाळी येईलच की. तुमच्या यंत्राला सुट्टी नसते." साडेदहाला दोरीवर शेवटची चादर टाकून त्या आत आल्या, म्हणाल्या, "जरा पडते," आणि पडल्या त्या उठल्या नाहीत.

एक नंबरमधले डॉक्टर आले. त्यांनी मनगट धरलं, डोळे बघितले, बॅग मिटली. काकांच्या खांद्यावर हात ठेवून ते गेले. लेकीला फोन जाण्याआधी त्यांनीच केला होता. ती संध्याकाळपर्यंत पोचणार होती.

काकांनी पिंपात वाकून पाहिलं. तळाला तांब्याभर पाणी. यंत्राची वेळ संध्याकाळी सहाची. आता वाजले होते अकरा. बायकोला शेवटची आंघोळ घालायची तर पाणी नव्हतं. नळाखाली बादली ठेवून त्यांनी तोटी पिळून पाहिली. वेड्यासारखंच, कारण त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं की नळ कोरडा आहे? तोटी तशीच उघडी टाकून ते बाहेर आले आणि पायरीवर बसले. मागे दार सताड उघडं.

ऑफिस साठ पावलांवर होतं. जाऊन फक्त सांगायचं होतं, माझी बायको गेली, चावी द्या. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दोन नंबरची ती सून त्यांना आठवली. तिला किती जड गेलं असेल ते आज पुरतं कळलं. त्यांना फार एकटं वाटलं. एकतीस वर्षं आपण ज्यांना विचारलं नाही, त्यांच्यातलं कुणी आपल्याला न विचारता येईल, अशी आशा धरणंही त्यांना लाजिरवाणं वाटत होतं.

बाईंचा मुलगा औषधं घेऊन फाटकातून येत होता. त्यानं लांबूनच पाहिलं. डॉक्टर खाली मान घालून जाताना त्याला मघाशीच दिसले होते. खोलीचं दार उघडं. काका पायरीवर बसलेले, पाय अनवाणी. तो जागीच थांबला. काकांनी त्याला पाहिलं आणि नजर वळवली. आता हा जवळ येणार, काय झालं म्हणून विचारणार, आणि आपल्याला बोलावं लागणार. तो जवळ आला नाही. वळला आणि ऑफिसकडे गेला.

थोड्या वेळानं झाकण सरकल्याचा आवाज आला. काकांनी मान वर केली. बाईंचा मुलगा चार नंबरच्या खड्ड्यावर वाकला होता, ऑफिसचा शर्ट बाहेर आलेला, औषधांची पिशवी बाजूला मातीत. लोखंडावर लोखंड घासत होतं. चावी बसत नव्हती. मग बसली आणि त्यानं अंगातला सगळा जोर लावला. पाइपानं एक हातोडा मारला.

"सावकाश," पायरीवरून काका म्हणाले. "हवा जाऊ दे आधी. चौदा फेरे आहेत."

ते उठून खड्ड्यापाशी आले. मुलगा फिरवत होता, मोठ्यानं मोजत होता, जणू आईसमोर पाढे म्हणतोय. वर चार नंबरात नळ खाकरू लागले. कुणीतरी गॅस बंद केला. एका घरातलं गाणं मध्येच थांबलं. खिडक्यांत माणसं आली आणि खड्ड्यापाशी कोण उभं आहे ते बघून पुन्हा आत गेली, चपला घालायला. दुसऱ्या मजल्यावर बाईंची काठी जिन्यावर वाजली.

बाराव्या फेऱ्याला मुलगा थांबला. घामानं निथळत होता. काकांकडे न बघता म्हणाला, "मी विचारलं नाही, काका. नुसतं बघून आलो."

"बरोबर केलंस."

"चुकलो असतो तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

तेव्हा काका रडले. डॉक्टर आले तेव्हा रडले नव्हते, लेकीला फोन लागला तेव्हा रडले नव्हते. आता उभ्या उभ्या, चावीचा आडवा दांडा धरून, लहान मुलासारखे रडले. मुलानं त्यांना रडू दिलं. मग दोघांनी मिळून उरलेले दोन फेरे दिले.

खोलीत बादलीच्या तळावर पाणी पडू लागल्याचा आवाज आला. काका डोळे पुसून आत गेले.