दोनदा धरलेला बयाणा

सोफे शिवणाऱ्या दादांनी रिटर्न स्वतःच भरलं आणि कराचा आकडा बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढे पैसे भरायचे तर शिलाई मशीनच विकावं लागणार होतं.

"अहो, एवढं कमावलंत कधी? मला तर दिसलं नाही!" म्हणत बायकोनं वही ओढली. एका पानावर तिचं बोट थबकलं. "ऑर्डर घेताना बयाणा लिहिलाय, आणि सोफा पोचवल्यावर परत पूर्ण रक्कम. बयाणा दोनदा धरलात की!"

"सगळीकडे?"

"वर्षभर."

दादांचा जीव अर्धाच भांड्यात पडला. रिटर्न दुरुस्त करायची मुदत उद्या संपत होती आणि वहीची पानं होती दीडशे.

"बसा. मी वाचते, तुम्ही वजा करा," बायको म्हणाली. दादांनी मांडीवरचं रेक्झिन बाजूला सारलं.