उघड म्हणेस्तोवर डोळे मिटून बसलेली बाई

या फोटोतली बाई दगडाची पूजा करत नाहीये.
ती माझी पणजी आहे.

आज सकाळी चर्चच्या ग्रुपवर हा फोटो कोणीतरी फॉरवर्ड केला. खाली लिहिलं होतं, 'अंधारातून उजेडात आलेले आपले पूर्वज.' त्याखाली हात जोडलेले इमोजी. रांगेनं.

मला किळस आली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आणि तेही नेमकं आज, आबाजींच्या स्मृतिदिनी.

आबाजी म्हणजे माझे आजोबा, शांतवन. चाळीसच्या दशकात ते सेमिनरीत शिकत होते, पाळक व्हायचं म्हणून. पहाटेची घंटा, आपली थाळी आपण घासायची, मग हिब्रूचं व्याकरण. ते त्यांना मनापासून आवडायचं.
फक्त प्रश्न फार विचारायचे.
"मिशनरी यायच्या आधी जे मेले, ते सगळे नरकात गेले का, सर? माझा आजाही?"
सर म्हणायचे, पुढचं पान उघडा.

सुट्टीत विद्यार्थ्यांना गावोगाव प्रचाराला पाठवत. मॅजिक लँटर्न घेऊन. कंदिलापुढे काचेवरचं चित्र धरायचं, ते समोरच्या पांढऱ्या चादरीवर मोठं दिसायचं. विद्यार्थ्यानं लोकांकडे तोंड करून पाठ केलेलं भाषण म्हणायचं. कंदील मिशनचे उपदेशक सांभाळायचे.

त्या वर्षी आबाजींना अनसिंग हे गाव मिळालं. चित्रांची नवी पेटी त्याच दिवशी आली होती. भाषण पाठ होतं, काचा पाहायला वेळच मिळाला नाही.

पोरगा बोलणार म्हणून त्यांची माय शेजारच्या गावाहून चालत आली होती. सारजामाय. पुढेच बसली. आबाजी जन्मायच्या आधीच तिचा बाप्तिस्मा झालेला.

अंधार पडला. चादरीवर चित्र आलं. आबाजींची त्याच्याकडे पाठ होती.
ते म्हणाले, "पाहा, ही बाई दगडापुढे हात जोडून बसली आहे. हिला खरा देव ठाऊक नाही."

पुढून आईचा आवाज आला.
"शांतवन, मांगं तं पाहा."

त्यांनी वळून पाहिलं.
चादरीवर त्यांची माय होती. फाटकं लुगडं, मिटलेले डोळे, जोडलेले हात. समोर शेंदूर फासलेला गोटा.

सारजामाय उठून उभी राहिली.
"थे मी होय. मिशनच्या मड्डमनं फोटोसाठी जुनं लुगडं नेसून बोलावलं होतं. म्हने प्रार्थना कर, अन् उघड म्हनेस्तवर डोये उघडू नोको. म्या येशूचीच प्रार्थना करून राह्यली होती. तुह्याचसाठी. डोये उघडले तवा समोर काईच नोयतं."

कोणी हसलं नाही. मग मागून एक भाजीवाला माळी बोलला.
"काबे पोरा, तुह्या मायलेच देव ठाव नाई, तं आमाले कायले सांगून राह्यला?"
आता मात्र सगळे हसले.

उपदेशक खाली मान घालून कंदिलाची वात सारखी करत होते. तशीच मान घालून म्हणाले, "पुढचं चित्र."
आपल्यातलाच माणूस होता तो, गोरा साहेब नव्हे. गोटा कोणी ठेवला आणि कोणी उचलला, हे आबाजींनी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायची गरज राहिली नव्हती.

पुढचं चित्र लागलं नाही. आबाजी लोकांना म्हणाले, "हे चित्र खोटं आहे. ही माझी माय आहे. मला प्रार्थना हिनंच शिकवली." आणि त्यांनी कंदील विझवला.

सेमिनरीच्या साहेबांनी बोलावून घेतलं. रागावले नाहीत म्हणे, चहा दिला. म्हणाले, चित्र खोटं असेल, पण अर्थ खरा आहे. चूक कबूल कर, पुढच्या गावी हीच पेटी घेऊन जा, वेळ आली की पाळकाची दीक्षा मिळेल.

आबाजी म्हणाले, "खोट्याच्या दारातून आत आलेला माणूस खऱ्या देवापर्यंत कसा पोचेल, साहेब?"

दीक्षा मिळाली नाही.
रिसोडला शाळामास्तर झाले. दर रविवारी चर्चला जायचे, शेवटच्या बाकावर.

दीक्षेचं त्यांना फारसं वाटलं नाही. सलत राहिलं ते एकच वाक्य. "हिला खरा देव ठाऊक नाही, हे माझ्या तोंडून गेलं ना बाई," असं मला म्हणायचे. म्हातारपणीसुद्धा.

माय मात्र थट्टा करायची. जेवायच्या आधी प्रार्थनेला बसली की म्हणायची, "शांतवन, नजर ठेव बरं. कोनी गोटा तं नाई ना आनून ठेवत?"
ती हसायची आणि डोळे मिटायची.
आबाजी हसायचे नाहीत. खरंच नजर ठेवायचे.

ती गेल्यावरही. लहानपणी प्रार्थनेत मी चोरून एक डोळा उघडायची, तर आबाजींचे दोन्ही उघडे. मला वाटायचं, यांचा देवावर विश्वास नाही.
विश्वास होता. देवावर होता.

सकाळी मी ग्रुपवर लिहिलं, ही बाई ख्रिस्ती होती, माझी पणजी होती, फोटो काढा.
अ‍ॅडमिनचं उत्तर आलं. "ताई, फोटोमागची भावना समजून घ्या."

साहेबांनी निदान चहा तरी दिला होता.

फोटो अजून तिथंच आहे. म्हणून इथं लिहिलं. ज्यांनी तो पुढं पाठवला असेल त्यांनी हेही पाठवा.

संध्याकाळी कबरीवर जाऊन आले. झेंडू वाहिला. प्रार्थना केली, डोळे उघडे ठेवून.

आबाजी, आता तुम्ही मिटा डोळे.
मी पाहते आहे.